त्या दहा जणी कोण?

(ऑगस्टचे शेवटचे दिवस. नारिनच्या वरच्या अंगाची उन्हाळी कुरणं. युर्तच्या, म्हणजे नमद्याच्या तंबूच्या, दाराशी सतरंजीवर चहा मांडलेला. शारशेन, वय चौसष्ट, मेंढपाळ. अनारकान, त्याची बायको. पेरिझात, त्यांची मुलगी; वडिलांना 'आताके' आणि आईला 'आपा' म्हणते. बिश्केकच्या विद्यापीठात शिकवते, काल संध्याकाळी दूधगाडीतून वर आली आहे.)

पेरिझात: नाही आताके, 'कोणती मेंढी' असं विचारायचं नसतं. नुसती मेंढी. एक.

शारशेन: नुसती मेंढी नसते.

पेरिझात: समजा, असते. इकडे एक मेंढी, नक्की मिळणार. तिकडे एक पिशवी. पिशवीत दोन दगड, एक पांढरा, एक काळा. न बघता हात घालायचा. पांढरा आला तर तीन मेंढ्या. काळा आला तर काहीच नाही. तुम्ही काय घ्याल?

शारशेन: ती जी एक आहे, तिचे दात कसे आहेत?

अनारकान: अगं, यांच्याकडून उत्तर काढण्यापेक्षा त्या दगडाची धार काढ, लवकर निघेल. मला विचार. मी घालते पिशवीत हात.

पेरिझात: तुझं लिहिलं, आपा. आताके?

शारशेन: तीन मेंढ्या देणारा कोण आहे?

पेरिझात: कोणी नाही. मीच समजा.

शारशेन: जो माणूस दगड बघून तीन मेंढ्या देतो, त्याच्या मेंढ्यांना काहीतरी झालेलं असणार. मी त्याच्याकडून एकही घेणार नाही. लिही तसं.

पेरिझात: त्याला रकाना नाही.

शारशेन: मग रकाना पाड. या खोऱ्यात आणखी किती जणांना विचारलंस?

पेरिझात: मागच्या वर्षी दोनशे बारा.

शारशेन: आणि त्यातल्या कोणीच दात विचारले नाहीत?

पेरिझात: ...बऱ्याच जणांनी विचारले. आम्ही ते 'प्रश्न समजला नाही' मध्ये टाकले.

अनारकान: हा, घ्या! बाबाला प्रश्न समजला नाही. चाळीस वर्षं मी हेच म्हणतेय, पण माझ्याकडे विद्यापीठाचा शिक्का नव्हता. घे गं, साय घे. तळलेले बोर्सोक गार झाले की चामडं होतात. हा माझा पाचवा.

शारशेन: बघितलंस? पाचवा.

पेरिझात: बघितलं.

शारशेन: मी ओळखून आहे, तू पिशव्या आणि दगड विचारायला एवढी वर आली नाहीस. पोरगी कॉलेज उघडायच्या आठवड्यात घरी येते, चहा पिते आणि आईच्या तोंडाकडे बघत राहते. बोल.

पेरिझात: डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. जूनमध्ये आपाला तपासलं त्यांचा. बाहेरदेशचे सर्जन दोन आठवड्यांसाठी आलेत. हृदयाच्या झडपेचीच ऑपरेशनं करतात. सगळ्या जागा भरल्या होत्या, पण गुरुवारची एक रिकामी झाली. आज दुपारी तीनपर्यंत हो की नाही कळवायचं.

अनारकान: आणि नाही म्हटलं तर?

पेरिझात: तर ते पुन्हा मे महिन्यात येतील.

शारशेन: मे चांगला. मेमध्ये कोकरं होऊन गेलेली असतात.

अनारकान: मी तेच म्हणणार होते. आत्ता कसं जमेल? सहा घोड्या दुधावर आहेत. दिवसातून पाच वेळा धार. शिंगरं सोडायची, बांधायची. हे एकटे काय करणार? यांना घोडी लाथ मारते.

शारशेन: एकच मारते.

अनारकान: बाकीच्या पाच वाट बघताहेत.

पेरिझात: आपा, तू जूनमध्ये लग्नात भोवळ येऊन पडलीस. आठवतंय ना? वाढप्याच्या अंगावर.

अनारकान: उकडत होतं. त्यात शंभर माणसं, खिडक्या बंद. तिथे घोडासुद्धा पडला असता.

शारशेन: मला एक सांग, पेरिझात. तू आईला फोनवर म्हणालीस, शंभरात नव्वद जणी बऱ्या होऊन घरी जातात. आणि तुझी चुलती मला म्हणाली, शंभरात दहा जणी टेबलावरून उठत नाहीत. हे तिला कोणी सांगितलं?

पेरिझात: ...मीच.

शारशेन: मग खरं कोणतं?

पेरिझात: दोन्ही एकच आहे.

शारशेन: एकच आहे ते मलाही कळतं. बेरीज येते मला. पण कानाला एकच लागत नाही. तू आईला नव्वद दिलेस आणि आम्हाला दहा.

पेरिझात: मी हेच शिकवते वर्गात, आताके. की माणसं असं करतात. आणि मी... मला कळलंसुद्धा नाही.

शारशेन: रागवत नाही मी. विचारतोय. शंभरातल्या दहा गेल्या, तर त्या हिवाळ्याला मी वाईट हिवाळा म्हणतो. खोऱ्यात लोक येऊन सांत्वन करून जातात. आणि तुझी डॉक्टरीण म्हणते, चांगलं आहे.

अनारकान: माझी आई नारिनच्या इस्पितळात गेली ती पायांनी चालत गेली होती. तुला माहीत नाही, तू नव्हतीस. साधं पित्ताचं दुखणं. गाडीत बसताना मला म्हणाली, ताक झाकून ठेव.

पेरिझात: आपा...

अनारकान: झाकून ठेवलं होतं. काय? मी काही म्हणत नाही. चहा ओतू?

शारशेन: हे बघ. चाळीस वर्षं मी एकच गोष्ट बघतो. तोंड चालू आहे ना? मग जनावर चालू आहे. जे खातंय त्याच्यात हात घालायचा नाही. खाणं सोडलं की मग बघायचं. ही जेवते, झोपते, धार काढते, मला बोलते. कालच्या रात्री मटणाचा वाडगा पुसून खाल्ला. तिला मी सुरीखाली का देऊ?

पेरिझात: तीनपर्यंत वेळ आहे. मी वर खडकापाशी जाते, तिथेच फोनला रेंज येते ना? डॉक्टरीणबाईंना आणखी काही विचारायचं असेल तर तुम्हीही चला.

शारशेन: चल. मला एक विचारायचंय.

अनारकान: जा, जा दोघं. मी या घोड्यांचं आटपते आणि त्यांच्याच दुधाचं गार कुमिस घेऊन येते वर. तिथे बसून तहान लागेल. आणि घरधनिणीशिवाय, बायबिचेशिवाय, निर्णय घेऊ नका. मी म्हणजे तुमची ती पिशवीतली मेंढी नाही.

*

शारशेन: दमलीस?

पेरिझात: शहरात चढ नसतो. श्वास लागला. बसू दे जरा.

शारशेन: बस. फोन कर नंतर. आधी सांग, तू नक्की करतेस काय? गावात विचारतात. मी म्हणतो, मुलगी प्रोफेसर आहे. कशाची, म्हणून विचारलं की मी घोड्याकडे बघतो.

पेरिझात: पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस ठरवतो कसं, ते. आणि ती सवय आली कुठून. म्हणजे आपल्या आधीची, फार आधीची माणसं. माणसांच्याही आधी.

शारशेन: मेंढ्यांपासून?

पेरिझात: पाखरांचं सांगते. एक बारीक पाखरू असतं, मुठीत मावेल एवढं. थंडीची रात्र काढायला त्याच्या पोटात ठरावीक दाणा लागतो. कमी पडला तर सकाळी फांदीखाली सापडतं. त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत दर वेळी तीन दाणे, नेमके. दुसरीत कधी सहा, कधी शून्य.

शारशेन: पुन्हा तुझी पिशवी.

पेरिझात: पुन्हा तीच. ऊब आहे, पोट बऱ्यापैकी भरलंय, तर पाखरू तीनच्या वाटीवर जातं. शहाणं पाखरू. पण थंडी वाढवली, दिवस मावळायला आला, आणि तीन-तीन करून रात्रीपुरतं जमणारच नाही असं झालं, की ते उठतं आणि दुसऱ्या वाटीवर जाऊन बसतं.

शारशेन: शून्य आलं तर?

पेरिझात: तर मरेल. पण तीनच्या वाटीवर बसूनही मरणारच होतं.

शारशेन: त्याला हे कोणी शिकवलं?

पेरिझात: कोणी नाही. ज्यांनी त्या थंडीत तीनच पत्करले, ती सकाळी नव्हती. त्यांची पिल्लं झाली नाहीत. राहिली त्यांची ही पिल्लं. आपणही तसेच, कुठल्या तरी राहिलेल्यांची.

शारशेन: हं. म्हणजे भित्र्यांचीही नाही, धाडशांचीही नाही.

पेरिझात: कधी भ्यायचं आणि कधी नाही, ते ज्यांना जमलं त्यांची. बहुतेक. नक्की असं मी म्हणणार नाही. यावर आमच्यात भांडणं आहेत.

शारशेन: वाईट नाही. हे विचारलं असतंस तर रकान्यात बसलं असतं माझं उत्तर. पण मग सरळच आहे की. तुझी आई पोट भरलेलं पाखरू आहे. तिने तीनच्या वाटीवर बसावं. मेमध्ये बघू.

पेरिझात: डॉक्टरांना विचारायचं होतं ना तुम्हाला काहीतरी?

शारशेन: लाव फोन. विचार, त्या दहा जणी कोण?

पेरिझात: म्हणजे?

शारशेन: शंभरातल्या गेलेल्या दहा. कोण होत्या? मला कोणी म्हटलं, तुझ्या शंभरातल्या दहा गेल्या, तर मी पहिलं हेच विचारीन. म्हाताऱ्या होत्या? उशिरा व्यालेल्या होत्या? लंगड्या होत्या? दहा अशा आभाळातून पडत नाहीत.

पेरिझात: आताके, तो आकडा सगळ्यांचा मिळून असतो, त्यात असं...

शारशेन: विचार तर.

पेरिझात: ...हॅलो? डॉक्टर, नमस्कार, मी पेरिझात, अनारकान शारशेनोवांची मुलगी. हो, गुरुवारचं. नाही, अजून ठरलं नाही. वडिलांचा एक प्रश्न आहे. ते विचारतात... ते विचारतात, त्या दहा जणी कोण.

शारशेन: नीट सांग. वय विचार.

पेरिझात: म्हणजे ज्या वाचल्या नाहीत त्या. त्यांची वयं काय होती, आणखी काय आजार होते. हो. हो, मेंढपाळ आहेत. नाही, थट्टा नाही, त्यांना खरंच... बरं. थांबते.

शारशेन: हसली ती?

पेरिझात: हसल्या. पण वही काढताहेत... हां, बोला डॉक्टर. पंच्याहत्तरीच्या पुढच्या... किती? सहा. दोघींची मूत्रपिंडं आधीच गेलेली. एकीला साखर, पायाला जखम... आणि उशिरा आलेल्या? म्हणजे अंथरुणाला खिळल्यावर आणलेल्या. अच्छा. मग आईसारखी, म्हणजे एकसष्ट, साखर नाही, डोंगरात चालणारी... शंभरात तीन? तीन-चार.

शारशेन: तीन?

पेरिझात: ऐकू द्या मला! नाही डॉक्टर, तुम्हाला नाही. तीन-चार म्हणताहेत, आताके. आधी का नाही सांगितलं? ...म्हणतात, आधी कोणी विचारलं नाही.

शारशेन: शंभरात तीन गेल्या तर त्या वर्षी मी मेजवानी देतो. आता दुसरं विचार. काहीच केलं नाही तर?

पेरिझात: वडील विचारतात, ऑपरेशन नाही केलं तर? ...हो. हो, ते तुम्ही मला सांगितलं होतं. दोन हिवाळ्यांत निम्म्या.

शारशेन: त्या निम्म्या कोण?

पेरिझात: त्या कोण असतात, डॉक्टर? कोणत्या? ...ज्यांना चालताना धाप लागते. चढावर थांबावं लागतं. भोवळ येते. ज्यांना यातलं काहीच होत नाही त्यांना वाट बघता येते, असं का? बरं. मी तीनच्या आत कळवते. आभार, डॉक्टर. ...हो, सांगते त्यांना.

शारशेन: काय सांगते?

पेरिझात: म्हणाल्या, तुझ्या वडिलांना आमच्याकडे नोकरी हवी का विचार.

शारशेन: हं. मग झालं की. भोवळ लग्नात आली, ती खिडक्या बंद म्हणून. चढावर थांबत नाही, धाप नाही. ही त्या निम्म्यांतली नाही. वाट बघता येते. मेमध्ये नेऊ, तेव्हाही ती तीन-चारवाल्यांतच असेल.

पेरिझात: तुम्हाला खात्री आहे?

शारशेन: सप्टेंबरअखेर मी साडेतीनशे मेंढ्या ओढ्यावरून चढवतो आणि इथे या खडकावर बसतो. कोण कुठे थांबते, किती वेळा, तोंड उघडं ठेवून की मिटून. हिवाळा काढणारी उजवीकडे, न काढणारी डावीकडे, सुरीला. गेल्या वर्षी एक चुकली. मला खात्री नसेल तर कोणाला?

पेरिझात: ती बघा, आपा निघाली. हातात केवढी बादली घेतलीये.

शारशेन: लहान आहे ती बादली. कुमिस आहे त्यात. चांगली चालते बघ. ओढा ओलांडला.

पेरिझात: थांबली.

शारशेन: रुमाल सारखा करतेय.

पेरिझात: हं. तुम्ही मघाशी म्हणालात, हे रकान्यात बसलं असतं. खरं सांगू, दोनशे बारा जणांचे कागद घेऊन मी सगळा हिवाळा बसले होते आणि आईच्या एका होय-नाहीसाठी मला कुठलाच कागद... तुम्ही ऐकताय?

शारशेन: ती वाकून काय वेचतेय?

पेरिझात: शेण असेल वाळलेलं. चुलीला.

शारशेन: त्या उतारावर जनावर चरत नाही. खडकाळ आहे.

पेरिझात: मग झाडपाला काहीतरी. चहाला.

शारशेन: तिथे काही उगवत नाही.

पेरिझात: ...पुन्हा वाकली.

शारशेन: बोलू नकोस.

पेरिझात: आताके...

शारशेन: गप. मोजतोय.

पेरिझात: आता दगडाशी थांबली.

शारशेन: ओढ्यापासून त्या पांढऱ्या दगडापर्यंत तीन थांबे. दगडाशी चौथा. रुमाल धरला तर पाच. बादली प्रत्येक वेळी या हातातून त्या हातात. तोंड उघडं आहे. इथून दिसतंय मला, तोंड उघडं आहे.

पेरिझात: मी जाऊन बादली घेते.

शारशेन: बस. येऊ दे. तिला कळेल आपण बघितलं.

पेरिझात: कळू दे की!

शारशेन: बस म्हणतो ना. कळलं तर शेवटचा टप्पा धावत येईल ती. ओळखतो मी.

*

अनारकान: काय हो, काय... बघत बसलात असे दोघं? जसा काही... मी घोडा आहे शर्यतीतला.

शारशेन: बस.

अनारकान: बसते. प्याले आणलेत. गवत काय... छान झालंय या अंगाला. थांब, ओतते.

शारशेन: पेरिझात ओतेल. काय वेचत होतीस?

अनारकान: कुठे? ...हां, ते. शेण्या. वाळल्यात चांगल्या.

शारशेन: ओचा दाखव.

अनारकान: काय लहान मुलासारखं! ओचा काय दाखव.

शारशेन: दाखव, बायबिचे.

पेरिझात: आपा, ओचा रिकामा आहे.

अनारकान: सापडल्या नाहीत.

शारशेन: चार ठिकाणी सापडल्या नाहीत. कधीपासून?

अनारकान: काय कधीपासून?

शारशेन: तुला माहीत आहे काय.

अनारकान: ...वर आलो तेव्हा दोनदा थांबायचे. जुलैत तीनदा. धारेला बसले की बरं वाटतं, बसून असतं ना ते. घोडीच्या पोटाला डोकं टेकवते. ती उभी राहते बिचारी. तुम्हाला लाथ मारते ना, तीच.

शारशेन: आणि खातेस कशी? काल वाडगा पुसून...

अनारकान: खाते कुठे? तुम्ही बघत असता. मला ठाऊक नाही का तुम्ही काय बघता? चाळीस वर्षं त्याच तोंडाकडे बघताय. पहिला घास मी तुमच्यासमोर खाते, तुम्ही मान वळवली की बाकीचं कुत्र्याला.

पेरिझात: पाच बोर्सोक?

अनारकान: दीड. साडेतीन त्याने खाल्ले.

शारशेन: म्हणून तो एवढा गाडग्यासारखा झालाय! मी सगळा उन्हाळा म्हणतोय, हा लांडग्याला बघून बसतो का. बसतो, कारण त्याला उठताच येत नाही!

पेरिझात: तुम्ही हसताय कसले दोघं? आपा, हे हसण्यासारखं नाही! का लपवलंस? मला का नाही सांगितलंस? मी दर रविवारी फोन करते, तू म्हणतेस, उत्तम, उत्तम.

अनारकान: तुला काय सांगू? तू आकडे सांगतेस. आकड्यात नाव नसतं. आणि यांना...

शारशेन: मला काय?

अनारकान: तुम्ही या खडकावर बसता ना दरवर्षी. मी खाली ओढ्याशी असते, मेंढ्या हाकते. तुमचा हात दिसतो मला. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे... आणि मध्येच डावीकडे. कधी कधी एखादी छान असते हो, लोकर बघावी अशी. आणि हात डावीकडे जातो. तुम्ही चुकत नाही. मला वाटलं, एकदा का यांनी मला त्या डोळ्यांनी बघितलं...

शारशेन: अनारकान.

अनारकान: हसू येतंय मलाच. पण तसं वाटलं खरं.

शारशेन: मी डावीकडे का काढतो? चारा पुरत नाही म्हणून. साडेतीनशेंना पुरत नाही. एकीला पुरतो. तुला आठवत नाही, ती चिरलेल्या कानाची, चुलीशेजारी दोन हिवाळे ठेवली ती?

अनारकान: तिने माझी गादी खाल्ली.

शारशेन: खाल्ली ना? मग. मी चुकलोय, ते सांगतो. मेंढीला माहीत नसतं मी काय बघतोय. म्हणून मी बरोबर असतो. तुला माहीत होतं. तुझ्याकडे बघताना मी तीच जुनी खूण धरून बसलो.

पेरिझात: आताके, अडीच वाजले.

शारशेन: हो. सांग तिला, डॉक्टरीण काय म्हणाली ते. आणि नव्वद-दहा नको. नीट सांग.

पेरिझात: आपा, ज्या गेल्या त्यातल्या बहुतेक खूप म्हाताऱ्या होत्या, किंवा दुसरेही मोठे आजार असलेल्या, किंवा अगदी शेवटी आणलेल्या. तुझ्यासारख्या शंभर असतील तर तीन किंवा चार जातात. शहाण्णव-सत्याण्णव घरी जातात. दोन्ही बाजूंनी सांगितलं मी. आणि न करता, धाप लागणाऱ्या शंभर असतील तर दोन हिवाळ्यांनी पन्नास उरतात.

अनारकान: आणि मे म्हणजे एक हिवाळा.

पेरिझात: एक हिवाळा. आणि तोवर तू 'उशिरा आणलेल्यां'च्या जवळ गेलेली असशील.

अनारकान: आणि त्या तीन-चारांत मी असले तर?

पेरिझात: ते आकडा सांगत नाही, आपा.

अनारकान: मग विद्यापीठ राहू दे. तुम्ही बोला.

शारशेन: तर मी या खडकावर बसून जा म्हणालो होतो, हे मला जन्मभर खाईल. आणि तू न जाता हिवाळ्यात गेलीस, तर मी जा म्हणालो नाही, हे खाईल. दोन्ही मोजून बघितली. पहिलं जास्त खाईल असं वाटतं. का ते कळत नाही. तेवढंच आहे ते, पण जास्त वाटतं.

पेरिझात: सगळ्यांनाच तसं वाटतं, आताके. आपण केलेलं जास्त बोचतं, न केलेल्यापेक्षा.

शारशेन: मग सगळेच माझ्यासारखे मूर्ख आहेत, बरं वाटलं.

अनारकान: म्हणून तुम्ही काही बोलूच नका. तुम्ही जा म्हणायचं नाही, राहा म्हणायचं नाही. तूही नाही. तुझं ते पाखरू काय होतं गं? मागे फोनवर सांगितलं होतंस. दाणे मोजणारं.

पेरिझात: थंडीत दुसऱ्या वाटीवर जातं ते.

अनारकान: त्याच्या पोटात किती आहे, हे बाहेरून कोणाला कळतं?

पेरिझात: नाही. त्यालाच.

अनारकान: तेच म्हणते मी. यांना वाटत होतं माझं पोट भरलंय. तुला वाटत होतं, डॉक्टरणीला विचारलं की कळेल. मला जूनपासून माहीत आहे. मी तीनच्या वाटीवर बसून होते, कारण माझी आई त्या दुसऱ्या वाटीवरून परत आली नाही. पण आई कोणत्या शंभरातली होती? सत्तरच्या पुढची, उशिरा नेलेली, रस्त्यात दोन दिवस बर्फात गाडी अडकलेली. मी रागाने इतकी वर्षं ते मोजलंच नाही. आत्ता चढताना, त्या पांढऱ्या दगडाशी थांबले तेव्हा मोजलं.

शारशेन: तिथेच सगळ्यात जास्त थांबलीस.

अनारकान: मोजत होते ना. दे तो फोन.

पेरिझात: मी बोलते...

अनारकान: माझी झडप, मी बोलते. कुठे दाबायचं? ...हॅलो? डॉक्टरबाई? मी अनारकान. मेंढपाळाची बायको, हो, तीच. गुरुवार लिहा. ...हो, लिहा. नाही, माझंच आहे मत, हे दोघं इथे तोंडात मारल्यासारखे बसलेत. काय? ...रिकाम्या पोटी यायचं? ते मला जमेल, मला सवय झालीये. ...बरं. आणि डॉक्टरबाई, तुमचा तो सर्जन हात गरम करून येऊ दे. थंड हाताने आमच्याकडे घोडीसुद्धा दूध देत नाही. ...हो. ठेवते.

पेरिझात: हसल्या?

अनारकान: रडतेयस का तू? पूस ते. हसली ती. म्हणाली, त्याला सांगते.

शारशेन: दूधगाडी चारला खालच्या वळणावर येते.

अनारकान: आणि माझ्या घोड्या?

शारशेन: शेजारच्या सोनुनकुलच्या घोड्यांत मिसळतो. त्यांच्या तीन मुली आहेत, सहाने काय फरक पडतो. त्यांचा जावई आजारी होता तेव्हा त्यांच्या गाई सगळा उन्हाळा आपल्यात होत्या. शिंगरंही तिकडेच.

अनारकान: त्या लाथ मारणारीची धार जी मुलगी काढेल तिला सांगा, डोकं टेकवायचं पोटाला.

शारशेन: सांगतो.

अनारकान: आणि कळप निवडायला कोण असेल? ओढ्याशी कोण हाकेल?

शारशेन: तू आलीस की निवडू.

अनारकान: तोवर बर्फ पडेल.

शारशेन: थोडं पडू दे.

पेरिझात: मी पुढे जाऊन तुझं सामान बांधते, आपा. काय घेऊ? लोकरीची शाल, औषधांचे कागद...

अनारकान: निळा रुमाल. आणि साखरेचा डबा घट्ट लाव, नाहीतर हे उघडा टाकतात, मुंग्या होतात. जा, धाव. तुझे पाय तरुण आहेत.

शारशेन: बादली मी घेतो.

अनारकान: रिकामी आहे ती.

शारशेन: तरी घेतो. ये. या बाजूने, इथे उतार कमी आहे.

अनारकान: या वाटेने लांब पडतं. तुम्ही तर कधी या वाटेने जात नाही.

शारशेन: आज जाऊ. गाडीला वेळ आहे.

अनारकान: हळू चालताय. गुडघा दुखतोय?

शारशेन: नाही. दमलीस की सांग.

अनारकान: ...दमले.

शारशेन: मग बसू.